येणारं-जाणारं मिसिंग कसं पकडायचं

खंबाटकी घाटाच्या चढावर गाडी अचानक हिसके देऊ लागते. पाय दाबावा तर हिसके आणखी वाढतात. घाटमाथा ओलांडून सपाटीला लागलं की काही झालंच नाही अशा थाटात पळते. दुसऱ्या दिवशी गॅरेजात नेली तर अर्धा तास चालू ठेवूनही एक ठोका चुकत नाही. मेकॅनिक म्हणतो, "साहेब, गाडी तर एकदम ओके आहे." मालक म्हणतो, "अहो, काल घाटात बघायला हवं होतं तुम्ही." दोघंही खरं बोलत असतात. मग प्लग बदलून बघितले जातात, पुढच्या आठवड्यात कॉइल, त्यानंतर वायरी, शेवटी कार्ब्युरेटर. खिसा हलका होतो आणि पहिल्या पावसात हिसके पुन्हा हजर.

पद्मिनी, अॅम्बेसेडर, मारुती ८००, झेन अशी जुनी पेट्रोल गाडी जिवापाड जपणाऱ्या प्रत्येकाला हे 'मिसिंग' कधी ना कधी भेटतं. कायमचं असेल तर ते शोधायला सोपं जातं. अधूनमधून येणारं मात्र लहरी वाटतं. पण इंजिनाला लहर नसते. ठरावीक परिस्थिती जुळली की दोष डोकं वर काढतो, ती सरली की लपतो. म्हणून 'काय बिघडलं?' या प्रश्नाआधी 'नेमकं केव्हा बिघडतं?' हा प्रश्न विचारायचा. त्याचं उत्तर नीट मिळालं, तर निम्मं निदान तिथेच होतं.

ठोका चुकतो म्हणजे काय होतं?

पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये चार कामं क्रमाने होतात: हवा-पेट्रोलचं मिश्रण आत ओढणं, ते दाबणं, ठिणगी टाकून पेटवणं आणि जळालेला वायू बाहेर ढकलणं. यासाठी क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात. म्हणजे दोन फेऱ्यांत एका सिलिंडरला एकदाच जोर लावायची संधी मिळते. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ९०० फेरे मारत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४५० वेळा पेटतो.

मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं, तर पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन चार सिलिंडरचं. त्यामुळे एक सिलिंडर गप्प बसला की पद्मिनी पाव ताकद गमावते आणि मारुती ८०० चक्क एक तृतीयांश. एवढ्यावर भागत नाही. गप्प बसलेल्या सिलिंडरचा पिस्टनही बाकीच्यांनाच वरखाली न्यावा लागतो. गाडीला बसणारा हिसका तिथून येतो.

सिलिंडर पेटायला तीन गोष्टी लागतात. पहिली, योग्य प्रमाणातलं मिश्रण. वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा. दुसरी, ते मिश्रण घट्ट दाबून धरणारे व्हॉल्व्ह, रिंगा आणि गॅस्केट. तिसरी, अचूक वेळी पडणारी पुरेशी जोरदार ठिणगी. या तिघांपैकी कोण, कोणत्या परिस्थितीत दगा देतं, एवढाच शोध आहे. जुन्या गाड्यांत पहिला संशय ठिणगीवर घेतला जातो, आणि त्याला चांगलं कारण आहे.

बारा व्होल्टचे वीस हजार कसे होतात?

बॅटरी देते १२ व्होल्ट. प्लगच्या टोकांमधली हवेची फट ओलांडायला लागतात हजारो व्होल्ट. ही मजल मारून देते ती कॉइल. तिच्यात तारेचे दोन वेटोळे असतात: एक जाड तारेचा, थोड्या फेऱ्यांचा; दुसरा केसासारख्या बारीक तारेचा, हजारो फेऱ्यांचा. जाड तारेतून करंट वाहिला की कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मग हा करंट अचानक तोडला जातो. जोराने पाणी येत असताना नळ झटक्यात बंद केला, तर अडलेल्या पाण्याचा दाब क्षणभर उसळतो आणि पाइप धाडकन आवाज करतो. कॉइलमध्येही करंट तुटताक्षणी असाच व्होल्टेज उसळतो, आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात तो पंधरा-वीस हजारांच्या घरात पोचतो. अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी घडवलेली ही पद्धत १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत आली आणि पुढे जगभर रुळली.

पद्मिनी, अॅम्बेसेडरसारख्या गाड्यांत करंट तोडण्याचं काम डेल्कोच्या आतले पॉइंट करतात. डेल्को म्हणजे कॉइलचा करंट पाळीपाळीने प्रत्येक प्लगकडे पाठवणारा डबा. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारत असेल, तर हे पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात. शेजारचा छोटासा कंडेन्सर उसळलेला करंट क्षणभर सामावून घेतो, म्हणून पॉइंटवरच ठिणगी न पडता करंट स्वच्छ तुटतो. कंडेन्सर खचला की पॉइंट जळून काळे पडतात आणि प्लगवरची ठिणगी मलूल होते. नंतरच्या गाड्यांत पॉइंटची जागा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलने घेतली. तत्त्व तेच राहिलं.

गॅरेजात निळी ठिणगी, घाटात हिसका

आता घाटातल्या कोड्याकडे वळू. मेकॅनिक प्लग काढतो, वायरीला लावून इंजिनाच्या धातूला टेकवतो आणि स्टार्टर मारायला सांगतो. टक-टक निळी ठिणगी पडते. "करंट जबरदस्त आहे," असा निकाल लागतो. हा निकाल अर्धवट असतो.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रिडरिख पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिलं, की फटीतून ठिणगी पडायला किती व्होल्टेज लागेल ते वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर ठरतं. बाहेर मोकळ्या हवेत प्लगच्या जेमतेम मिलिमीटरभर फटीला काही हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरच्या आत मिश्रण कित्येक पट दाबलेलं असतं, तिथे त्याच फटीला बरंच जास्त व्होल्टेज लागतं. हा दाबही कायम सारखा नसतो. चढावर तुम्ही अॅक्सिलरेटर पूर्ण दाबता, थ्रॉटल सताड उघडतं, सिलिंडरमध्ये भरपूर मिश्रण शिरतं आणि दाब वाढतो. ठिणगीची सगळ्यात अवघड परीक्षा तेव्हा होते. गॅरेजात न्यूट्रलवर इंजिन कितीही गरगरवलं तरी थ्रॉटल थोडंसंच उघडलेलं असतं, कारण ओढायला काही ओझंच नसतं. म्हणून तिथे कमकुवत ठिणगीसुद्धा पास होते.

व्होल्टेजची गरज वाढली की वीज पळवाट शोधते. प्लगच्या चिनी मातीतली केसाएवढी भेग, कडक होऊन तडकलेली प्लग वायर, डेल्कोच्या कॅपमधला ओलसर थर, यांपैकी कुठूनही ती इंजिनाच्या धातूत उतरते आणि प्लगची फट कोरडीच राहते. घासलेल्या प्लगची फट रुंदावलेली असते, त्यामुळे ही पळवाट आणखी सोयीची होते. मारुती ८०० मध्ये ०.७ ते ०.८ मिलिमीटर अपेक्षित असलेली फट एक मिलिमीटरच्या वर गेलेली आढळली, तर तो पुरावा समजावा.

यावरून एक सोपी चाचणी निघते. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसताना गाडी वरच्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरला आणावी आणि अॅक्सिलरेटर सावकाश शेवटपर्यंत दाबावा. ठिणगीत दुबळेपणा असेल तर बहुधा इथेच हिसका बसतो. घाट गाठायची गरज नाही.

पाच परिस्थिती, पाच दिशा

ओल. पावसाळ्यात किंवा गाडी धुतल्यावर मिसिंग, आणि इंजिन तापून कोरडं झालं की बंद: संशय डेल्कोची कॅप आणि प्लग वायरी यांच्यावर. कॅप उघडून आत टॉर्च मारली तर कधी पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते. विजेने एकदा चोरवाट धरली की तिथलं प्लॅस्टिक जळून कोळसा होतो, आणि कोळसा वीज वाहतो. ही कॅप पुसून भागत नाही, बदलावी लागते. रात्री पूर्ण अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं, तर गळक्या वायरीवर निळसर चमक दिसते. तरीही दिसली नाही, तर फवाऱ्याच्या बाटलीने वायरींवर पाण्याचे हलके तुषार मारायचे. इंजिन जिथे अडखळेल ती जागा सापडली. मात्र या वेळी कशालाही हात लावायचा नाही.

उष्णता. अर्ध्या तासाने सुरू होणारं आणि गाडी थंड झाल्यावर थांबणारं मिसिंग कॉइलकडे किंवा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलकडे बोट दाखवतं. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. कॉइल २० अंशांवरून ९० अंशांवर गेली की तिच्या तारेचा रोध पावपटीहून जास्त वाढलेला असतो. चांगली कॉइल हे सोसते. आतली तार कुठे तुटायला आली असेल, तर गरम होऊन ती फाकते आणि थंडाव्यात पुन्हा जुळते. गार इंजिनावर एकेका भागाला हेअर ड्रायरने तापवून हा दोष घरच्या घरी बाहेर काढता येतो. उन्हाळ्यात दुसरी शक्यता पेट्रोलची वाफ होण्याची. पद्मिनी टॅक्सीचे चालक इंजिनाला जोडलेल्या फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवत ते याचसाठी. तिसरी शक्यता फार घट्ट बसवलेल्या टॅपेटची: व्हॉल्व्ह तापून लांबतो, पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो.

ओझं. चढावर किंवा ओव्हरटेक करताना येणारा दोष ठिणगीचा असू शकतो, तसाच पेट्रोलच्या पुरवठ्याचाही. फरक लक्षणांत दिसतो. ठिणगी चुकली की हिसका लगेच आणि तीव्र बसतो. फिल्टर तुंबला असेल किंवा पंप थकला असेल, तर गाडी आधी काही क्षण नीट ओढते आणि कार्ब्युरेटरमधला साठा संपत आला की दम लागल्यासारखी मंदावते. २०२३ पासून पंपांवर येऊ लागलेल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचाही इथे विचार करावा. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने बसवलेले, त्यामुळे मिश्रण अंमळ पातळ होतं. जुने रबरी पाइपही इथेनॉलला तोंड देण्यासाठी बनवलेले नसतात.

हादरा. खड्डा, गतिरोधक किंवा वळण येताच इंजिन क्षणभर मरत असेल, तर कुठेतरी जोडणी सैल आहे. बॅटरीची टोकं, इंजिनाला शरीराशी जोडणारी अर्थिंगची पट्टी, इग्निशन स्विच हे नेहमीचे आरोपी. एक आरोपी हमखास नजरेतून सुटतो. डेल्कोच्या आतली पॉइंटची प्लेट थ्रॉटलप्रमाणे थोडी फिरत राहते आणि तिला जोडलेली छोटी वायर रोज वाकते. वर्षांनुवर्षं वाकून ती आवरणाच्या आतच तुटते. बाहेरून शाबूत दिसते, पण ठरावीक कोनात करंट जातो आणि ठरावीक कोनात खुंटतो. इंजिन चालू ठेवून बॅटरी आणि स्विचकडच्या कमी व्होल्टेजच्या वायरी एकेक करून हलक्या हाताने हलवाव्यात, पंखा आणि पट्ट्यापासून बाही दूर ठेवून.

फक्त स्लोवर. सिग्नलला थडथडणारी आणि वेगात सुरळीत धावणारी गाडी बहुतेकदा हवेची गळती सांगते. स्लोवर थ्रॉटल जवळजवळ मिटलेलं असतं आणि त्यामागे जोराचा निर्वात तयार होतो. तडकलेल्या व्हॅक्यूम पाइपातून किंवा जुन्या गॅस्केटमधून शिरणारी थोडीशी हवाही तेव्हा मिश्रण बिघडवते. थ्रॉटल उघडलं की एवढ्या मोठ्या प्रवाहात ती गळती किरकोळ ठरते. जळालेला व्हॉल्व्हही असाच वागतो, कारण कमी फेऱ्यांवर दाब निसटायला जास्त वेळ मिळतो.

एकच सिलिंडर, की सगळेच?

परिस्थिती कळली की दुसरा प्रश्न: गुन्हेगार एकटा आहे की टोळी? दोष सुरू असताना एकेका सिलिंडरचं काम थोडा वेळ बंद पाडून बघायचं. चालू सिलिंडर बंद पाडला की इंजिनाचा आवाज लगेच खाली येतो. ज्याला बंद पाडूनही काही फरक पडत नाही, तो आधीच गप्प होता. जुन्या गाडीत हे प्लग वायर उपसून करतात, पण हे काम जाणत्या मेकॅनिकवर सोपवावं. झटका जबर असतो, आणि उपसलेली वायर धातूला जोडली नाही तर कॉइलवर ताण येतो. इंजेक्शनच्या गाडीत प्लगऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढतात, म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जात नाही.

एकच सिलिंडर सापडला तर त्याचाच प्लग, वायर, इंजेक्टर, व्हॉल्व्ह तपासायचे. दोष इकडून तिकडे फिरत असेल तर सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टी बघायच्या: कॉइल, रोटर, पॉइंट, फ्युएल पंप, हवेची गळती.

काढलेला प्लग बरंच काही सांगतो. टोकाजवळची चिनी माती फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला तेलकट थर म्हणजे ऑइल आत येतंय. पांढरंफटक टोक म्हणजे मिश्रण पातळ किंवा प्लग फार गरम. एखादाच प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असेल, सकाळी सुरू करताना पहिली काही मिनिटं मिसिंग येत असेल आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटमधून रात्रभर पाणी झिरपत असावं.

सीएनजी बसवलेल्या गाडीकडे आणखी एक पुरावा असतो. गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर गाडी ठीक, अशी तक्रार आली की किटवाल्याकडे धावण्याआधी प्लग आणि वायरी तपासाव्यात. नैसर्गिक वायूच्या मिश्रणातून ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून दुबळी ठिणगी आधी गॅसवर उघडी पडते.

एका वेळी एकच बदल

प्लग, वायरी, कॅप, कॉइल एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर नेमकं काय खराब होतं ते कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे, बदलताना सैल कनेक्टर पुन्हा घट्ट बसलेला असतो, गाडी त्यामुळे सुधारते आणि श्रेय नव्या कॉइलला जातं. महिन्याभराने कनेक्टर पुन्हा सैल होतो. मग 'नवी कॉइलपण डुप्लिकेट निघाली' असं म्हणत आपण तिसरी आणतो.

यावर उपाय अदलाबदलीचा. पहिल्या सिलिंडरचा प्लग दुसऱ्यात टाकायचा. दोष प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला तर प्लग दोषी. पहिल्यातच राहिला तर प्लग निर्दोष. मग तेच वायरींचं, लांबी पुरत असेल तर. यात एक पैसाही खर्च होत नाही. नवा भाग टाकल्यावर गाडी सुधारली, तर एकदा जुना भाग परत लावून बघावा. दोष परत आला तरच निदान पक्कं. ही शेवटची पायरी कंटाळवाणी वाटते, म्हणून बहुतेक जण गाळतात.

कम्प्युटर असलेल्या गाड्या

आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांत ओबीडी-२ ही स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा आली. या गाड्याही आता जुन्यांत जमा होऊ लागल्या आहेत. त्यांत क्रँकशाफ्टवर दातेरी चाक आणि शेजारी सेन्सर असतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की चाक किंचित वेग घेतं. एखादा ठोका चुकला की तो वेग मिळत नाही आणि दाते थोडे उशिरा पुढे सरकतात. कोणत्या दात्यापाशी उशीर झाला यावरून कम्प्युटर सिलिंडर ओळखतो. स्कॅनरवर पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा, आणि पी ०३०० म्हणजे ठरावीक एक नाही. खडबडीत रस्त्याचे धक्के चाकांमार्फत क्रँकशाफ्टपर्यंत पोचून यंत्रणेला चकवू शकतात, म्हणून खराब रस्ता ओळखून निकाल राखून ठेवण्याची सोयही बऱ्याच गाड्यांत असते.

कोड सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. पी ०३०२ दिसला म्हणून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल मागवणं हा पुन्हा अंदाजच. पण कोडबरोबर कम्प्युटर त्या क्षणाची नोंदही साठवतो: फेरे किती होते, इंजिनावर ओझं किती होतं, पाणी किती तापलं होतं. स्कॅनरमध्ये ही नोंद 'फ्रीझ फ्रेम' नावाने मिळते. 'केव्हा?' या प्रश्नाचं हे तयार उत्तर आहे. कोड पुसायला लावण्याआधी ते लिहून घ्यावं, कारण कोडबरोबर नोंदही पुसली जाते.

चालवत राहायचं की थांबायचं?

अधूनमधून एखादा ठोका चुकणं त्रासदायक असलं तरी लगेच घातक नसतं. सतत मिसिंग मात्र महागात पडतं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत ते कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिक जाळी वितळू शकते. चेक इंजिनचा दिवा उघडझाप करत असेल, पेट्रोलचा वास येत असेल किंवा सायलेन्सरमधून फटाक्यासारखे आवाज येत असतील, तर गाडी बाजूला घेऊन बंद करावी.

थोडक्यात: गॅरेजात जाण्याआधी हे टिपून ठेवा

• मिसिंग गार इंजिनावर येतं की गरम? सुरू केल्यापासून किती वेळाने?
• पाऊस, दव किंवा गाडी धुणं यांच्याशी संबंध दिसतो का?
• चढावर येतं, स्लोवर येतं, की खड्ड्यात?
• हिसका एकदम बसतो, की गाडी हळूहळू दम सोडते?
• सीएनजी आणि पेट्रोल दोन्हींवर येतं का?
• टाकी भरल्यावर लगेच सुरू झालं, की टाकी तळाला गेल्यावर?
• अलीकडे कोणतं काम झालं? नवा दोष अनेकदा नुकत्याच हात लागलेल्या जागीच असतो.
• मेकॅनिकला 'गाडी नीट करा' असं सांगण्यापेक्षा दोष दिसेल अशा वेळी आणि अशा रस्त्यावर शेजारी बसवून फेरी मारा. काम झाल्यावर पैसे देण्याआधी तीच फेरी पुन्हा मारा.